कानांनीं वाचलेलें गणित

‘अ अधिक ब भागिले क.’ हे शब्द नभोवाणीवरून कानीं पडले, तर क नें भागावयाचें कोणाला? एकट्या ब ला, कीं अ आणि ब यांच्या बेरजेला? छापील पानावर ही शंका उद्भवतच नाहीं. अपूर्णांकाची आडवी रेघ डोळ्यांना तात्काळ निकाल देते. कानाला रेघ दिसत नाहीं, आणि ज्या विद्यार्थ्याला कान हेंच वाचनाचें साधन, त्याचें उच्च गणित या रेघेपाशीं अडतें.

पुण्यास वाढलेले टी. व्ही. रामन यांची दृष्टि वयाच्या १४ व्या वर्षीं काचबिंदूनें गेली. पुण्याचें वाडिया महाविद्यालय, मुंबईची आय. आय. टी. आणि पुढें अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठ, असा त्यांचा गणित व संगणकशास्त्राचा प्रवास झाला. पुस्तकें पुष्कळदां दुसऱ्यांनीं वाचून दाखवावीं आणि त्यांनीं ऐकावीं. वाचणारा कितीहि प्रेमळ असो, एकच ओळ दहा वेळां वाचावयास सांगतांना संकोच हा व्हावयाचाच.

१९९४ सालीं अपंगांना साहाय्यभूत अशा यंत्रविद्येवर ‘असेट्स’ ही पहिली परिषद कॅलिफोर्नियांत भरली. तींत रामन व त्यांचे मार्गदर्शक डेव्हिड ग्रीझ यांचा निबंध होता. विषय, ज्याच्याशीं संवाद करतां येईल असा बोलका ग्रंथ. आणि त्याचा आधार, रामन यांच्या प्रबंधांतील ‘ॲस्टर’ ही योजना. (त्यांच्या वाटाड्या कुत्र्याचें नांवहि हेंच!)

योजनेचें मर्म असें, कीं पानाचें चित्र वाचावयाचेंच नाहीं. गणिती मजकूर संगणकावर ‘लेटेक’ पद्धतीनें जुळवितात, तेव्हां कोणतें पद कोणाच्या पोटांत आहे हें त्यांत आधींच नमूद असतें. ॲस्टर त्यावरून समीकरणाचा जणूं वंशवृक्ष मांडतो आणि मग बोलतो. घातांक आला कीं आवाज चढतो, पायाशीं लिहिलेला अंक आला कीं उतरतो. समीकरण फारच लांबलें, तर अवजड पदांना एकेका अक्षराचें नांव देऊन आधीं सांगाडा ऐकवितो, तपशील मागाहून. फळ्यापुढचा चांगला शिक्षक तरी दुसरें काय करतो? ‘याला तूर्त क्ष म्हणूं,’ असेंच ना!

पण याहून मोलाची सोय वेगळीच. ऐकणाऱ्यानें हवें तेथें थांबावें, मागें फिरावें, एखाद्या छेदांत उतरून पुन्हां वर यावें. डोळस वाचक पानावर मनमुराद हिंडतो. ध्वनिफीत ऐकणारा फितीच्या मागून फरफटत जातो. हें हिंडणें ॲस्टरनें कानाला मिळवून दिलें, आणि तें शोधून काढलें अडलेल्या विद्यार्थ्यानेंच. त्या वर्षीं ‘एसीएम’ या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचें उत्कृष्ट प्रबंधाचें पारितोषिक त्याला लाभलें. तें संगणकशास्त्राच्या कोणत्याहि शाखेंतील प्रबंधाला मिळतें. त्यांत दयेचा अंश शोधूं नये.

मात्र मूळ जुळणी हाताशीं असेल, तरच हें सारें साधतें. आजहि कित्येक पुस्तकांचीं पानें नुसतीं चित्रें करून विद्यार्थ्यांच्या हातीं दिलीं जातात. अपूर्णांकाची रेघ त्या पानावर असते. पण ती रेघ आहे कीं शाईचा ओघळ, येथपासून यंत्राला पुन्हां ओळखावें लागतें.