बाप्तिस्म्याच्या दिवशी स्त्रियांचा पेहराव

तापी नदी जेथे समुद्राला मिळते तेथे हजीरा वसलेला आहे. चारशे वर्षांपूर्वी त्याच्या शेजारच्या सुवाळीच्या किनाऱ्यावर इंग्रजांची जहाजे नांगर टाकीत असत आणि १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याच किनाऱ्यावर उतरला. आज त्या परिसरात पोलादाचे, खताचे आणि नैसर्गिक वायूचे मोठे कारखाने उभे आहेत. कारखाना आला की वसाहत येते आणि वसाहत आली की सारा देश एका जिन्यावर नांदू लागतो. खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबाच्या समोर केरळातील सिरियन ख्रिस्ती कुटुंब राहते, वरच्या मजल्यावर वसईकडील एखादे कॅथलिक कुटुंब असते. वाटीभर साखरेची देवघेव होते, मुले एकमेकांच्या घरी जेवतात आणि मग एके दिवशी समोरच्या घरून निमंत्रण येते : रविवारी सकाळी बाळाचा बाप्तिस्मा आहे, सर्वांनी यावे.

बारशाला काय नेसावे हे मराठी गृहिणीला कोणी शिकवावे लागत नाही. पाळणा, ओटी, घुगऱ्या आणि हिरवी किंवा पिवळी साडी हे सारे तिला माहेरीच ठाऊक झालेले असते. बाप्तिस्म्याला मात्र ती कपाट उघडून उभी राहते. जरीची साडी फार भारी होईल काय? कुंकू लावून चर्चमध्ये जाणे शोभेल काय? आणि त्या घरची आई स्वतः पांढऱ्या साडीत दिसली, तर त्याचा अर्थ काय घ्यावयाचा? हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. दुसऱ्याच्या मंगल प्रसंगी आपले पाऊल चुकू नये, ही इच्छा त्यांच्या मुळाशी असते.

प्रथम पांढऱ्या रंगाचाच विचार करणे युक्त होय; कारण गोंधळ तेथेच आहे. प्राचीन ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या रात्री देत. जलसंस्कार झालेल्या व्यक्तीला शुभ्र वस्त्र नेसवीत आणि ते वस्त्र ती आठवडाभर अंगावर ठेवी. ईस्टरनंतरच्या रविवाराचे जुने लॅटिन नाव या शुभ्र वस्त्रांवरूनच पडले. कॅथलिक चर्चने १९६९ साली बालकांच्या बाप्तिस्म्याचा विधी नव्याने रचला, त्यातही पाणी, पवित्र तेल, पांढरे वस्त्र आणि प्रज्वलित मेणबत्ती ही चिन्हे कायम राहिली. वसईकडील मराठी कॅथलिक या विधीला स्नानसंस्कार म्हणतात. स्नानानंतर स्वच्छ वस्त्र नेसावे, हा त्यातील साधा आणि सुंदर अर्थ होय.

इंग्लंडच्या राजघराण्यात या शुभ्र झग्याला वारशाचे रूप आले. व्हिक्टोरिया राणीच्या पहिल्या कन्येसाठी १८४१ साली शिवलेला रेशमी, लेसचा झगा पुढे दीड शतकाहून अधिक काळ त्या घराण्यातील बासष्ट बालकांनी अंगावर घातला. अखेर तो इतका जीर्ण झाला की, २००८ पासून त्याची हुबेहूब प्रतिकृती वापरात आली. गरीब घरातही हीच वृत्ती दिसते. थोरल्याचा झगा धाकट्याला आणि मावशीचा भाचीला येतो. तात्पर्य, त्या दिवशी पांढरा रंग हा प्रामुख्याने बाळाचा असतो आणि तो आनंदाचा रंग असतो.

मराठी हिंदू घरांत मात्र पांढऱ्या वस्त्राने फार दुःख पाहिले आहे. विधवेला रंग वर्ज्य करणारी आणि तिला मंगल कार्यातून दूर बसविणारी रूढी येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. या दोन अर्थांची गाठ एका थोर मराठी स्त्रीच्या आयुष्यात पडली. पंडिता रमाबाईंना १८८२ साली वैधव्य आले आणि पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधील वॉण्टेज येथे त्यांनी आपली लहानगी कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला म्हणून त्यांनी इंग्रजी झगा चढविला नाही. साडी आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. क्रुसावर लॅटिन शब्द न कोरता संस्कृत शब्द असावेत, असाही त्यांचा आग्रह होता. त्यांचे शुभ्र वस्त्र समाजाच्या दृष्टीने वैधव्याचे होते आणि नव्या श्रद्धेच्या दृष्टीने नवजीवनाचे होते. वस्त्र तेच राहिले, परंतु ते पाहणाऱ्याने कोणता अर्थ घ्यावा याचा निर्णय त्यांनी समाजाच्या हाती ठेवला नाही. पुढे १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढून त्यांनी विधवांच्या शिक्षणाला वाहून घेतले, हे सर्वांना विदित आहेच.

परक्या वेषाचा हव्यास टिकत नाही, याचे एक गमतीदार उदाहरण इतिहासात आढळते. जहांगीर बादशहाच्या तीन पुतण्यांचा बाप्तिस्मा १६१० साली आग्र्यात झाला. राजपुत्रांना पोर्तुगीज पोशाख घालून, हत्तींवर बसवून, वाजतगाजत चर्चमध्ये नेण्यात आले. सुरतेच्या बंदरात उतरून दरबारी पोहोचलेला इंग्रज कप्तान हॉकिन्स हाही त्या मिरवणुकीत होता. थोड्याच वर्षांत त्या राजपुत्रांनी तो धर्मही सोडला आणि तो पोशाखही. उलट ज्या समाजांनी हा संस्कार शतकानुशतके जतन केला, त्यांनी आपापल्या भूमीचे वस्त्रच चर्चमध्ये नेले. वसईच्या ख्रिस्ती स्त्रियांचे लाल लुगडे प्रसिद्ध आहे. केरळातील सिरियन ख्रिस्ती स्त्रियांचा जुना वेष म्हणजे शुभ्र चट्टा आणि शुभ्र मुंडू. त्या मुंडूच्या निऱ्या पाठीमागे पंख्यासारख्या पसरलेल्या असतात. त्यांच्या मंगळसूत्राला मिन्नू म्हणतात व त्याच्या पानाच्या आकाराच्या पदकावर बारीक मण्यांचा क्रूस असतो.

यावरून पाहुणीला पहिला नियम सापडतो. तिने आपल्याच वेषात जावे. कुंकू पुसण्याचे किंवा मंगळसूत्र झाकण्याचे काही कारण नाही. यजमानाने शेजारणीला बोलाविले आहे, ते ती आहे तशीच. साडी फिकट पण प्रसन्न रंगाची असावी. मोतिया, आकाशी, फिकट गुलाबी किंवा पोपटी रंग आणि बारीक काठ चर्चच्या शांत वातावरणात शोभून दिसतात. नखशिखान्त पांढरे नेसणे टाळावे. ते अशुभ म्हणून नव्हे, तर तो मान बाळाचा म्हणून. संपूर्ण काळाही टाळलेला बरा. संक्रांतीला तो आपल्याकडे हौसेने नेसतात, परंतु ख्रिस्ती घरात तो शोकाशी जोडलेला आहे. खांदे व पाठ झाकणारे पोलके असावे. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या संहितेत स्त्रियांनी मस्तक झाकावे असा स्पष्ट नियम होता, तो १९८३ च्या संहितेत उरला नाही. तरीही सिरियन परंपरेच्या अनेक चर्चमध्ये आजही स्त्रिया प्रार्थनेच्या वेळी पदर डोक्यावरून घेतात, आणि काही ठिकाणी पादत्राणे बाहेर काढून ठेवण्याची चाल आहे. इतर स्त्रिया काय करतात इकडे लक्ष ठेवले की पुरे. साडी नेसलेल्या स्त्रीला पदर डोक्यावर घेण्यास क्षणही लागत नाही.

बाळाच्या आईचा आणि धर्ममातेचा प्रश्न अधिक व्यवहाराचा आहे. धर्ममाता म्हणजे बाळाच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी पालकांसह स्वीकारणारी स्त्री. विधीच्या वेळी बाळ तिच्या किंवा आईच्या हातांवर असते. म्हणून खरखरीत जर, टोकदार बांगड्या आणि मोठी पिन त्या दिवशी नको. कोवळ्या कातडीला ओरखडा उठतो. पाणी पडते, तेलाचा थेंब ओघळतो आणि रेशमावरचा तेलाचा डाग सहज जात नाही. बाळाला पाजावे लागते, तेव्हा पोलके त्या सोयीचे असावे. सर्वांत महत्त्वाची सावधगिरी मेणबत्तीची. सुरत हे कृत्रिम धाग्याच्या साड्यांचे माहेरघर आहे आणि त्या साड्या दिसायला सुरेख व किमतीने परवडणाऱ्या असतात. पण असा धागा ज्योतीच्या स्पर्शाने वितळतो आणि अंगाला चिकटतो. पदर सोडून न ठेवता नीट खोवावा. शक्य तर त्या दिवशी सुतीच साडी निवडावी. हजीऱ्याच्या दमट हवेत ती सुखाचीही असते.

काही ख्रिस्ती पंथ बालकांना बाप्तिस्मा देत नाहीत. तेथे जाणत्या वयाची व्यक्ती स्वतः विश्वास प्रकट करून पाण्यात पूर्ण बुडून बाहेर येते. कधी चर्चमधील हौदात, तर कधी नदीत हा विधी होतो. येथे स्त्रीच्या वस्त्राचा विचार केवळ शोभेचा राहत नाही, लज्जेचा व सुरक्षिततेचा होतो. पातळ पांढरे कापड भिजले की पारदर्शक होते. साडीच्या निऱ्या पाण्यात तरंगतात, पायांत अडकतात व तोल जातो. म्हणून जाड सुती कापडाचा, फिकट पण अपारदर्शक सलवार-कमीज अधिक योग्य होय. पांढरा झगा घालण्याची रीत असेल तर आत गडद, पुरे अंगवस्त्र असावे. काठावर मोठी चादर घेऊन एखादी वडीलधारी स्त्री उभी असावी आणि कोरडे कपडे बदलण्यास आडोसा असावा. ज्या मंडळीत ही व्यवस्था असते, तेथे स्त्री निःशंक मनाने पाण्यात उतरते. तिचे सारे लक्ष प्रार्थनेकडे राहते. पदराकडे जात नाही.

आता पुन्हा त्या वसाहतीतील जिन्याकडे वळावे आणि एक प्रसंग कल्पनेत आणावा. सुनेने मोतिया रंगाची साडी काढून ठेवली आहे. सासूबाई मात्र घरी राहण्याचे ठरवून बसल्या आहेत. त्या विधवा आहेत, पांढरे पातळ नेसतात. समोरच्या बाळाला त्यांनी तेल लावून न्हाऊ घातलेले आहे, रात्री अपरात्री त्याच्या पोटावर ओव्याचा शेक दिलेला आहे. तरीही त्या म्हणतात, “शुभकार्यात माझं काय काम? तुम्ही जाऊन या.” गावाकडे कितीएक बारशांना त्यांना दाराआड बसावे लागले, ते त्यांच्या मनातून जात नाही.

अशा वेळी समोरची तरुण आई उंबरठ्यावर येते आणि म्हणते, “आजी, आमच्याकडे आज पांढरंच शुभ. तुम्ही याच पातळात यायचं, आणि पुढच्या बाकावर माझ्या आईशेजारी बसायचं.” तिची आईही केरळातून आलेली, वयस्क आणि शुभ्र चट्टा-मुंडूतील. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. परंतु चर्चमधील त्या बाकावर दोन पांढरी वस्त्रे शेजारी बसतात आणि समोर तिसरे, सर्वांत चिमुकले, पाण्याच्या थेंबाने दचकून रडू लागते. आजींचा हात सवयीने पुढे होतो.

पेहरावाची निवड ही अखेर इतक्यासाठीच करावयाची असते. रंग कोणता, काठ केवढा, हे सांगता येते आणि सांगावेही. पण निमंत्रण देणाऱ्या घराने आपल्या रिवाजाचा अर्थ शेजाऱ्याला आधी समजावून सांगितला आणि जाणाऱ्याने तो आदराने विचारून घेतला, तर कपाटापुढची अर्धी चिंता तेथेच संपते. शेजारणीला “तुमच्याकडे त्या दिवशी काय नेसतात हो?” एवढे विचारण्यात कमीपणा नाही. त्या एका प्रश्नाने, नवी साडी घेतल्यावाचूनही, पुष्कळ काही साधते.