ओटीत घातलेलं लेकरू वंशावळीत कुठं लिहायचं?



नाणे मावळातल्या आमच्या एका गटाची बैठक होती. बचतीचा हिशेब अर्धाच झाला आणि आम्ही सगळ्याजणी एका कागदाभोवती गोळा झालो. कागद होता वंशावळीचा. एका ताईंचे सासरे वारले, वारस नोंद करायची होती. दिरांनी वंशावळ लिहून दिली, ती परत आली. सातबाऱ्यावर सासऱ्यांच्या बापाचं नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरंच!

खरी गोष्ट अशी. सासरे थोरल्या जावेच्या पोटचे. धाकट्या जावेला मूल नव्हतं, म्हणून साठेक वर्षांपूर्वी, सात वर्षांचे असताना, त्यांना तिच्या ओटीत घातलं. गावात साखर वाटली, कागद केला नाही. शाळेत नाव आधीच घातलेलं, ते तसंच राहिलं. दिरांना वाटलं, 'दत्तक' लिहिलं तर हिस्सा जाईल, म्हणून त्यांनी 'पोटचा' लिहिलं. आता रस्ता जवळ आल्यापासून आपल्याकडच्या जमिनीला सोन्याचा भाव, त्यामुळे भावकी गप्प बसते होय?

बायांनो, ही भीती खोटी आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे रीतसर दत्तक गेलेलं लेकरू सगळ्या बाबतीत दत्तक घराचंच होतं. ते दत्तक मोडता येत नाही. होम केलाच पाहिजे असंही नाही, पण मूल प्रत्यक्ष दिलं आणि घेतलं हे दाखवावं लागतं. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला दत्तकपत्राचा कागद असला की काम सोपं होतं. नसला तर साक्षीदार शोधत फिरावं लागतं, आणि साठ वर्षांपूर्वीची माणसं आता कितीशी उरलीत? वंशावळीसोबत प्रतिज्ञापत्रही द्यावं लागतं. म्हणजे 'पोटचा' लिहिणं हे शपथेवर खोटं बोलणं झालं.

मग जन्माचं घर लिहायचं कशाला, असं एकीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. त्याच कायद्यात सांगितलंय की जन्माच्या घरात ज्या नात्यात लग्न होऊ शकत नव्हतं, त्या नात्यात दत्तक गेल्यावरही होऊ शकत नाही. दोन पिढ्यांनी हे कोणाच्या लक्षात राहणार? शिवाय दत्तक जाण्याआधीच जी मिळकत मुलाच्या नावे झाली, ती त्याचीच राहते. दवाखान्यात 'घरात कोणाला साखर, कोणाला दमा?' असं विचारतात, तेव्हा तर रक्ताचंच घर आठवावं लागतं.

आणि दत्तक म्हणजे लपवायची गोष्ट कुठली? घाट उतरून कर्जतकडे गेलं की वेणगाव लागतं. नानासाहेब पेशवे तिथल्या भटांच्या घरी जन्मले, १८२७ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी त्यांना दत्तक घेतलं. बाजीराव वारल्यावर इंग्रजांनी वर्षाचं आठ लाखांचं पेन्शन या दत्तक मुलाला नाकारलं, पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊकच आहे. सयाजीराव महाराज नाशिककडच्या कवळाण्याचे गोपाळराव. त्यांना १८७५ मध्ये बडोद्याच्या जमनाबाईंनी दत्तक घेतलं. शाहू महाराज कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, त्यांना १८८४ मध्ये कोल्हापूरच्या आनंदीबाईंनी. दोन्ही वेळी मूल मांडीवर घेणारी विधवा राणी. पण कुळाच्या झाडात मुलगा लिहिला जाई तो मेलेल्या नवऱ्याखाली. तेव्हाचा रिवाजच तसा होता. आज विधवा किंवा एकटी बाई स्वतःच्या नावाने मूल दत्तक घेऊ शकते, मुलगीसुद्धा.

त्या दिवशी आम्ही नवा कागद घेतला. जन्माच्या नात्याला सरळ रेघ, दत्तकाला तुटक रेघ. तुटक रेघेवर 'दत्तक' आणि अंदाजे साल. कडेला लिहिलं, हे कोणी सांगितलं. मग लक्षात आलं, दिरांच्या कागदावर एकही बाई नव्हती! दिलं एका बाईने, घेतलं दुसरीने, आणि नाव एकीचंही नाही. शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालायला सांगितलंय, मग जुन्या आयांना का गाळायचं? आम्ही दोघींसाठी जागा ठेवली.

एक मात्र सांभाळा. संस्थेतून आणलेल्या लेकराच्या जन्मदात्रीचं नाव खोदून काढू नका. अठरा वर्षं झाल्यावर त्याला स्वतःला आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो, पण तिने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची संमती लागते. आणि घरच्या लेकराला हे भावकीच्या भांडणात कळण्याआधी तुम्हीच जवळ बसवून सांगा.

ताईंच्या सासऱ्यांच्या जन्मदात्रीचं नाव घरात कोणालाच येईना. सगळे 'थोरली' म्हणायचे. शेवटी वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या आजींकडे गेलो. त्यांना साखर वाटल्याचं आठवत होतं, दिवस आषाढातला होता तेही, आणि थोरलीचं नावही. साक्ष द्यायलाही आजी तयार झाल्या. फक्त म्हणाल्या, भाताची लावणी उरकली की येते.