शाळेसमोरचा फूटपाथ कोणाचा?

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



महागाई, ऊसदर, कामगार संहिता असे विषय बाजूस ठेवून मी आज शाळेसमोरच्या फूटपाथवर उभ्या राहणाऱ्या वाहनांविषयी बोलणार आहे. हे ऐकून काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. प्रश्न किरकोळ वाटतो, हे मी जाणतो. परंतु ज्याने अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविले, त्याला जमीन, भाडे, अनुदान आणि वर्ग या चारही गोष्टी त्या चार-पाच फुटांच्या पट्टीवर एकत्र भेटतात.

राजारामपुरीत, शाहूपुरीत किंवा मंगळवार पेठेत शाळा भरण्याच्या वेळी उभे राहून पाहावे. दोन चाके फूटपाथवर चढवून मोटारी उभ्या असतात, त्यांच्या मागेपुढे दुचाकी, आणि उरलेल्या फटीत मुलांची व्हॅन किंवा रिक्षा. पायी येणारे मूल खाली उतरते आणि मोटारीला वळसा घालण्यासाठी भर रस्त्यात येते. मोटारीची उंची त्याच्या उंचीहून अधिक असते. ते वाहनाआडून बाहेर येईपर्यंत मागून येणाऱ्या चालकाला दिसत नाही, आणि त्यालाही चालक दिसत नाही. अपघात घडला की आपण चालकाच्या वेगाची चर्चा करतो. मूल रस्त्यावर कोणामुळे उतरले हे पंचनाम्यात येत नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे गेली, त्यांपैकी सुमारे ३२ हजार ८०० पायी चालणारी होती.

कायदा नाही म्हणून हे चालते, असे कोणी समजू नये. मोटार वाहन कायद्याखालील १९८९ च्या नियमांनी फूटपाथवर आणि शाळेच्या प्रवेशद्वाराजवळ वाहन उभे करण्यास स्पष्ट मनाई केली होती. २०१७ साली नवी नियमावली आली, तिनेही फूटपाथवरील मनाई कायम ठेवली. २०१९ च्या दुरुस्तीने किरकोळ गुन्ह्यांचा दंड शंभरावरून पाचशे रुपयांवर नेला. परंतु दंडाच्या रकमेला पकडले जाण्याच्या शक्यतेने गुणावे लागते, हे कोणताही व्यापारी जाणतो. वर्षातून एकदा भरावे लागणारे पाचशे रुपये म्हणजे शिक्षा नव्हे, ते अत्यंत स्वस्त भाडे होय. मोटारीला शंभर चौरस फुटांच्या आसपास जागा लागते. राजारामपुरीत तेवढा गाळा भाड्याने मागून पाहा, म्हणजे या अनुदानाची किंमत कळेल. आणि ते मिळते कोणाला? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील शंभर कुटुंबांपैकी जेमतेम सात-आठ कुटुंबांकडे मोटार आहे.

आता त्याच फूटपाथवर फळांची हातगाडी लावून पाहा. तिला मोटारीच्या चौथा हिस्साही जागा लागत नाही. तरी अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी आली की वजनकाट्यासह माल उचलला जातो. रस्त्यात मांडलेला माल पूर्वसूचनेवाचून हटविण्याचा अधिकार महापालिका कायद्याने आयुक्तांना दिला आहे. वस्तुतः २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विक्रेत्याला उठवू नये असे बजावले, तरी ‘अतिक्रमण’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हातगाडीच येते, मोटार येत नाही. शब्दालाही वर्ग असतो, मित्रहो.

या संदर्भात मुंबईच्या फूटपाथवासीयांचा खटला आठवावा. १९८१ च्या भर पावसाळ्यात अंतुले सरकारने त्यांना हुसकावण्याचे ठरविले. ओल्गा टेलिस आणि इतरांनी दाद मागितली. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात येतो असे मान्य केले, हा त्या निकालाचा मोठेपणा. पण त्याच निकालात असेही म्हटले, की फूटपाथ सार्वजनिक सोयीसाठी आहेत, खासगी वापरासाठी नाहीत. आणि पावसाळ्यानंतर झोपड्या हटविण्याची मोकळीक सरकारला मिळाली. हे तत्त्व चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. निवारा नसलेल्या माणसाला जर ते लागू झाले, तर घर असूनही घराबाहेर जागा व्यापणाऱ्या मोटारीला ते का लागू होऊ नये, एवढेच मी विचारतो. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अडथळ्यावाचून फूटपाथवरून चालण्याचा हक्क त्याच एकविसाव्या अनुच्छेदाचा भाग ठरविला. म्हणजे हा प्रश्न आता केवळ शिष्टाचाराचा राहिलेला नाही.

वाहन आणणारे पालक दुष्ट असतात काय? मुळीच नाही. आईला नऊ वाजता कामावर पोहोचायचे असते, वडिलांची पाळी असते, आणि वाहनांच्या गर्दीत मुलाला पायी पाठविण्याची भीती वाटते. म्हणून ते वाहन आणतात, आणि त्या वाहनाने गर्दी वाढते, आणि पुढच्या घरची भीती वाढते. प्रत्येकाचा निर्णय समंजस असून सर्वांचा मिळून झालेला परिणाम मूर्खपणाचा ठरतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकात मला सापडले नव्हते. येथे सद्‌बोधाचे फलक लावून उपयोग होत नाही.

शिवाय मूल एवढ्या दूरून येतेच का? शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले; मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या योजनेत शाळा मुलाजवळ जायची होती. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने शेजारशाळेचा पुरस्कार केला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत, चालत जाण्याच्या अंतरावर असावी असे म्हटले आहे. चालत जाण्याच्या! कायद्याच्या डोळ्यांपुढे पायी निघालेले मूल आहे. आपण मात्र गल्लीतल्या महापालिकेच्या शाळेकडे पाठ फिरवून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत प्रवेश घेतो, आणि मग गाडी लावायला जागा नाही म्हणून महापालिकेला दोष देतो. त्या शाळेसमोर जो पायी येतो, तो बहुधा जवळच्या वस्तीतला, कमी उत्पन्नाच्या घरातला असतो. मोटारीतून उतरणाऱ्यासाठी रस्त्यावर उतरावे लागते ते त्याला.

कोल्हापूरने रस्त्यासाठी लढा दिलेला आहे. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली टोलविरुद्ध अख्खे शहर उठले आणि २०१५ च्या डिसेंबरात राज्य सरकारला टोल रद्द करण्याची घोषणा करावी लागली; पानसऱ्यांची त्याआधीच, त्याच वर्षी फेब्रुवारीत हत्या झाली होती. त्या लढ्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण त्यात वाहनधारकाचाही स्वार्थ होता, म्हणून सगळे शहर सोबत आले. पायी चालणाऱ्याच्या लढ्यात हे बळ मिळणार नाही. विरोधात आपलीच माणसे असतील. आज येताना बाहेरच्या फूटपाथवर ओळीने लावलेल्या दुचाकी मी पाहिल्या; काहींवर आपलेच झेंडे होते.

कोलंबियातील बोगोटा शहराचा माजी महापौर एन्रिके पेन्यालोसा आपल्या पंथाचा नव्हे. पण १९९८ ते २००० या काळात त्याने फूटपाथवरच्या मोटारी हटवून तेथे खांब रोवले. व्यापारी खवळले, त्याला पदावरून काढण्याची मोहीम निघाली. तो मागे हटला नाही, कारण मोटार नसलेले लोक त्या शहरात बहुसंख्य आहेत, हा साधा हिशेब त्याला ठाऊक होता. आपल्याकडे तो हिशेब मांडायला कोणी निघालेले नाही.

आता कामाचे बोलतो. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एक शाळा निवडावी. एक आठवडाभर भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी मोजणी करावी: किती मुले पायी आली, किती वाहनातून, फूटपाथवर किती वाहने होती, किती मुलांना खाली उतरावे लागले. वाहनांचे क्रमांक लिहू नयेत; पालकांशी भांडण नको. ही मोजणी मुख्याध्यापक, महापालिकेचे विभागीय कार्यालय आणि वाहतूक शाखा यांच्याकडे द्यावी, आणि तीन मागण्या कराव्यात. फूटपाथच्या कडेला लोखंडी खांब, मात्र चाकांची खुर्ची जाईल एवढे अंतर ठेवून. शाळेची गल्ली दोन्ही वेळी अर्धा तास वाहनांना बंद, त्यातून रहिवासी आणि अपंग मुलांची वाहने वगळून. आणि पालकांना मुले उतरविण्यासाठी दोनशे पावलांवर एक ठरलेली जागा. शाळेच्या दारातल्या चणे-बोरे विकणाऱ्या बाईला या निमित्ताने कोणी हुसकावू लागले, तर आपण तिच्या बाजूने उभे राहायचे. तिची जागा आखून घ्यायची.

मोजणीचे कोरे तक्ते त्या टेबलावर आहेत. आपल्या शाळेचे नाव लिहून मगच निघावे.