टाकाऊ भांड्यांतील बाग



नायगावच्या बी. डी. डी. चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. एकशेसाठ चौरस फुटांच्या त्या खोल्यांना अंगण नव्हते. तरी डालडाच्या रिकाम्या डब्यात खिडकीशी तुळस वाढली. आता पुनर्विकासामुळे कुटुंबे उंच इमारतींत जात असता जुनी भांडी भंगारात घालण्याची घाई होते. त्यांतील काहींना आणखी एक काम द्यावे, असे आम्हांस वाटते.

भांडे कोणतेही असो, तळाला चार भोके हवीत. पाणी साचल्यास मुळे कुजतात. भोकांवर खापराचे तुकडे ठेवून वर दोन भाग माती व एक भाग कुजलेले शेणखत भरावे. गळके पातेले तर निम्मे तयारच असते. चिनी मातीची बरणी भोक पाडताना फुटते. तिच्यात लहान कुंडीच ठेवावी.

दोन दक्षता मात्र विसरू नयेत. डबा गजांच्या आत तारेने बांधावा. वरून पडलेला डबा जिवावर बेततो. खालच्या ताटलीतील पाणी दर आठवड्यास ओतून ती घासावी, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो.

ज्या पातेल्याने घर पोसले, त्यातच नव्या घरची तुळस रुजावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.