विद्यापीठाचे कुलगुरू आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



पुणे विद्यापीठाच्या माजी कुलगुरूंमध्ये अधिक मोठे कार्य कोणाचे, या विषयावर मी बोलावे अशी संस्थाचालकांची इच्छा आहे. खडकवासल्याहून गणेशखिंडीचे आवार तसे दूर नाही. पण आपल्या वस्तीतल्या किती घरांतून मुले तिथवर पोहोचतात हे पाहिले, की ते अंतर फार वाढते. म्हणून मी आज एकच मोजमाप घेणार आहे. कुलगुरूंनी काय बांधले, यापेक्षा त्यांनी कोणाला आत घेतले?

विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. आरंभीचे कार्यालय भांडारकर संस्थेच्या निजाम अतिथिगृहात होते, म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या देणगीतून झालेल्या इमारतीत. ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावी. पुढे खेर सरकारने गव्हर्नरांचा बंगला आणि चारशेहून अधिक एकरांचे आवार दिले. त्या वेळी अठरा महाविद्यालये आणि सुमारे आठ हजार विद्यार्थी होते. जयकरांनी १९५६ पर्यंत पाया घातला. तिथल्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे, ते योग्यच आहे.

त्यांच्यानंतर रँग्लर परांजपे आले. कोकणातल्या मुर्डी गावचा हा मुलगा १८९९ मध्ये केंब्रिजला गणितात सर्वप्रथम आला होता. नंतर इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदार, मग एकापाठोपाठ दोन गाडगीळ. नावांमुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. काकासाहेब राजकारणातले, धनंजयराव अर्थशास्त्रज्ञ आणि सहकाराचे पुरस्कर्ते. धनंजयरावांची कारकीर्द अल्प ठरली, कारण १९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होऊन दिल्लीला गेले. ही सारी थोर माणसे. तरी मला स्पष्ट सांगितले पाहिजे, की त्यांच्या काळातले विद्यापीठ हे आधीच शिकलेल्या घरांचे विद्यापीठ होते. दोष त्यांचा एकट्याचा नव्हे. दार ठोठावायला आपणही थोडेच गेलो होतो?

माझ्या मोजमापाने डॉ. राम ताकवले सर्वांत पुढे आहेत. १९७८ ते १९८४ ते पुण्याचे कुलगुरू होते. पण त्यांचे खरे काम पुढचे आहे. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले, त्याचे ते पहिले कुलगुरू. ज्याची शाळा मध्येच सुटली, त्यालाही पूर्वतयारीचा अभ्यास करून पदवीकडे जाण्याची वाट त्या विद्यापीठाने काढली. गॅरेजमध्ये काम करणारा, शिवणकाम करून घर चालवणारी, लग्न झालेली, कोणीही घरी अभ्यास करावा आणि परीक्षेला बसावे. भिंती नसलेले विद्यापीठ म्हणून त्याला हसणारेही पुष्कळ होते. मी त्यांच्यातला नाही. ताकवले २०२३ मध्ये गेले, तेव्हा ज्यांना त्यांचे नावही माहीत नव्हते अशा कितीतरी घरांत त्या विद्यापीठाच्या पदव्या भिंतीवर लागलेल्या होत्या.

डॉ. नरेंद्र जाधव २००६ मध्ये कुलगुरू झाले. कष्टकरी दलित कुटुंबातला मुलगा त्या गव्हर्नरांच्या बंगल्यात अधिकाराने बसला. ते तीनच वर्षे होते, आणि तीन वर्षांत कारभार किती बदलणार? पण एखाद्या मुलाने ‘आपल्यातला कोणी तिथे जातो का?’ असे विचारले, तर उत्तर देता येते.

२०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. ज्या घरात मुलीला बारावीनंतर ‘आता पुरे’ असे सांगतात, त्या घराने हे पत्र वाचावे. कॉलेज लांब, बसची गर्दी, संध्याकाळी उशीर, या अडचणी खऱ्या आहेत. मी त्या नाकारत नाही. पण मुलगा असला की त्याच अडचणींवर आपण तोडगा काढतो.

झाकीर हुसेन साहेब जर्मनीहून डॉक्टरेट घेऊन परतले आणि १९२६ मध्ये अल्प वेतनावर जामियाचे काम पत्करले. तेवढा त्याग मी कोणाकडे मागत नाही. कार्यक्रमानंतर मी इथेच बसणार आहे. ज्यांच्या मुलीचे किंवा मुलाचे शिक्षण थांबले असेल, त्यांनी भेटावे. शक्य असेल तर गुणपत्रिका बरोबर आणावी.