निरीक्षण आधी, अनुमान नंतर
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



दहावीनंतर मी जीवशास्त्राला नमस्कार केला आणि इंजिनिअर झाले. आता मात्र प्रथिनांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेली चित्रे जुळवणारे सॉफ्टवेअर लिहिते. जीवशास्त्राच्या बाईंना हसू येईल, कारण पेशीपटल मी वहीत एका रेघेत उरकायचे.

ती रेघ म्हणजे चरबीच्या रेणूंचा दुहेरी पडदा. त्यात रुतलेली प्रथिने ही पेशीची दारे आणि दारावरच्या घंटा. कितीतरी औषधे त्यांच्यावरच काम करतात. त्यांची रचना पाहायची तर ती पडद्यातून सोडवावी लागतात. पण त्यांचा मधला पट्टा तेलकट, त्यामुळे नुसत्या पाण्यात ती गोळा होऊन बसतात.

यावरचा जुना उपाय घरातलाच : साबण. सौम्य डिटर्जंट पडदा विरघळवतो आणि त्या पट्ट्याभोवती स्वतः गुंडाळला जातो. याच वाटेने हार्टमुट मिखेल यांनी एका जिवाणूच्या प्रकाशसंश्लेषण केंद्राचे स्फटिक मिळवले. त्याची रचना १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८८ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना डायझेनहोफर व हुबर यांच्यासह मिळाले. पण डिटर्जंट प्रथिनाला आधार देणारी चरबीही धुऊन नेतो. मग काही प्रथिने मोडतात.

एका प्रकल्पात आमची चित्रे धूसर येत होती. नमुने करणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, प्रथिनच डिटर्जंटमध्ये टिकत नाहीये." मी ऐकले नाही. तीन महिने प्रोग्रामच बदलत बसले. हजारो कणांची सरासरी काढून चित्र बनते. पण प्रत्येक कण वेगळा मोडलेला असेल, तर सरासरीतून काय निघणार?

शेवटी तिने स्टायरीन-मॅलेइक आम्लाचा बहुवारिक वापरला. २००९ पासून ही पद्धत पडद्यातील प्रथिनांसाठी वापरात आहे. हा बहुवारिक पडद्याची सुमारे दहा नॅनोमीटरची चकतीच कापून काढतो, आतले प्रथिन आणि भोवतीची चरबी जशीच्या तशी. मॅग्नेशियम जास्त असेल तर तो स्वतःच साकळतो, म्हणून सगळीकडे चालत नाही. आमच्याकडे चालला. माझ्या जुन्याच प्रोग्रामने स्पष्ट चित्र दिले.

मी तिची माफी मागितली. पण तोवर तिची नेमणूक संपत आली होती, आणि तिचे तीन महिने माझ्यामुळे गेले होते.

बाई, तुम्ही माझी प्रयोगवही दोनदा परत केली होतीत. मी अनुमान आधी लिहून निरीक्षण नंतर भरायचे म्हणून. तिसऱ्यांदा ती वही मला त्या मुलीने परत केली.