एकशे तेरा गुणांचा बेवो



खेळाच्या इतिहासात काही आकडे माणसापेक्षा मोठे होऊन बसतात. आकडा पुष्कळांना ठाऊक असतो, माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. आज अशाच एका आकड्यामागच्या माणसाची ओळख करून घेऊ या. आकडा आहे ११३. बास्केटबॉलच्या एका सामन्यात, एकट्या खेळाडूने केलेले गुण. दिवस होता २ फेब्रुवारी १९५४. त्या मुलाचं नाव क्लॅरन्स फ्रान्सिस, पण सगळे त्याला बेवो म्हणत. त्याचं कॉलेज अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं. नाव रिओ ग्रँड, उच्चार मात्र तिथले लोक ‘रायो ग्रँड’ असा करतात.

मी कविता लिहिणारा माणूस. खेळाच्या पानावर माझं तसं काही काम नाही. पण या मुलाची हकीकत वाचत गेलो आणि त्यात गुंतत गेलो. कारण ती नुसती खेळाची हकीकत नाही. एखादी संस्था एका पोराच्या खांद्यावर उभी राहते, तेव्हा त्या पोराच्या वाट्याला काय येतं, असा प्रश्न तिच्यात आहे.

बेवोचा जन्म १९३२ सालचा. वडिलांना बेवो नावाचं एक पेय आवडायचं, म्हणून आधी वडिलांना आणि मग मुलाला तेच नाव पडलं. लहानपणी अंगात रक्त कमी. त्या आजारपणात शाळा बुडाली आणि शिक्षण मागे पडलं. पुढे मुलगा उंच वाढला, सहा फूट नऊ इंच. शाळेत असताना न्यूट ऑलिव्हर नावाचे प्रशिक्षक भेटले. हे ऑलिव्हर मूळचे रिओ ग्रँड कॉलेजचेच खेळाडू. १९५२ मध्ये ते आपल्या जुन्या कॉलेजात प्रशिक्षक म्हणून परतले, ते बेवोला सोबत घेऊनच. तेव्हा बेवो वीस वर्षांचा होता. लग्न झालेलं, पदरी मूल. शाळेचा शेवटचा अभ्यासक्रमही पुरा व्हायचा होता, तो त्याने कॉलेजात राहूनच पुरा केला.

आणि कॉलेज तरी केवढं? १८७६ साली बाप्टिस्ट मंडळींनी सुरू केलेलं. आता विद्यार्थी शंभराच्याही आत, तिजोरीत खडखडाट. बंद पडायच्या बेतात आलेलं. खेळायची जागा इतकी अपुरी की लोक तिला थट्टेने डुकरांचा गोठा म्हणत. ऑलिव्हर यांचा हिशेब सरळ होता. संघाने सगळे चेंडू बेवोकडे द्यायचे, बेवोने गुण करायचे, वर्तमानपत्रांनी ते छापायचे, आणि लोकांनी तिकिटं काढून बघायला यायचं.

हिशेब खरा ठरला. १९५२-५३ च्या हंगामात रिओ ग्रँडने ३९ सामने खेळले आणि ३९ जिंकले. जानेवारी १९५३ मध्ये ॲशलंड ज्युनियर कॉलेजविरुद्ध बेवोने एकट्याने ११६ गुण केले. देशभर नाव झालं. पण हंगाम संपल्यावर कॉलेजांच्या क्रीडा संघटनेने ठरवलं, की चार वर्षांची पदवी देणाऱ्या कॉलेजांविरुद्धचे सामनेच विक्रमासाठी धरायचे. रिओ ग्रँडचे बरेच सामने दोन वर्षांच्या कॉलेजांशी, लष्करी संघांशी झाले होते. ११६ गुण पुसले गेले.

नियमात तथ्य होतं, हे मान्य करायला हवं. प्रतिस्पर्धी कोण होता, हे बघावंच लागतं. तरी त्या मुलाच्या मनाचा विचार करा. तालुक्याच्या गावी एखादा तरुण मुशायऱ्यात अशी रचना वाचतो की मंडप उठून उभा राहतो. दुसऱ्या दिवशी शहरातला कुणी विचारतो, ‘छापून कुठं आलीय?’ दाद खरी, पण तिची नोंद धरायची नाही. बेवोचं तसंच झालं.

पुढच्या वर्षी ऑलिव्हर यांनी संघाला मोठ्यांच्या दारात नेलं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हा संघ खेळला. व्हिलानोव्हासारख्या नामांकित संघाशी जादा वेळेपर्यंत झुंजला आणि थोडक्यात हरला. प्रॉव्हिडन्स, वेक फॉरेस्ट, बटलर यांना तर त्याने हरवलं. आणि मग २ फेब्रुवारी उजाडला. समोर हिल्सडेल, म्हणजे चार वर्षांची पदवी देणारं रीतसर कॉलेज. रिओ ग्रँडने १३४-९१ असा विजय मिळवला. बेवोचे ३८ गोल, प्रत्येकी दोन गुणांचे. शिवाय ४२ फ्री थ्रोपैकी ३७ यशस्वी. एकूण ११३. तेव्हा लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळत नसत. या वेळी पुसायला कुणाला जागा उरली नाही. अकराच दिवसांनी फर्मन विद्यापीठाच्या फ्रँक सेल्व्हीने बरोबर १०० गुण केले. मोठ्या कॉलेजांच्या वर्गात तो आकडा आजही सर्वोच्च आहे.

नंतर काय झालं? कॉलेज तगलं. आज ते विद्यापीठ आहे. बेवोने मात्र १९५४ मध्येच पदवी न घेता कॉलेज सोडलं. सततच्या प्रवासात तास बुडाले होते, अभ्यास राहिला होता. मग हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या फिरत्या संघासमोर खेळणाऱ्या चमूत तो दोन वर्षं गावोगाव हिंडला. १९५६ मध्ये फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली, पण तो गेला नाही. घरी परतला, पोलाद कारखान्यात कामाला लागला आणि संसार केला.

ऑलिव्हर यांना नुसतं दोषी धरणं मला पटत नाही. त्यांच्यावाचून हा आजारी, मागे पडलेला मुलगा कॉलेजच्या पायरीपर्यंत पोचलाच नसता. पण ज्या कॉलेजला त्याने जगवलं, त्या कॉलेजची पदवी त्याच्या हाती आली नाही, हेही तितकंच खरं. आपल्याकडेही शाळा-कॉलेजच्या फाटकावर पदकं मिळवलेल्या मुलामुलींचे फलक झळकतात. त्या फलकामुळे प्रवेश वाढतात. फलकावरचं मूल वर्गात किती दिवस बसलं, त्याची परीक्षा बुडाली तर कुणी पुन्हा घेतली का, खेळ संपल्यावर त्याच्या हाती काय उरलं, हे फलक सांगत नाही. ते विचारणं पालकांचं काम आहे, आणि शिक्षकांचंही.

बेवोचा विक्रम अठ्ठावन्न वर्षं टिकला. २० नोव्हेंबर २०१२ रोजी ग्रिनेल या आणखी एका छोट्या कॉलेजच्या जॅक टेलरने १३८ गुण केले. त्यासाठी त्याने १०८ वेळा बास्केटवर चेंडू टाकला, आणि त्यातले सत्तावीस गोल तीन-तीन गुणांचे होते. तेव्हा बेवो हयात होते. ३ जून २०१५ रोजी ते गेले, ब्याऐंशी वर्षांचे होऊन. २०१६ पासून अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांमधल्या सर्वोत्तम बास्केटबॉलपटूला त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो.

पुरस्काराला नाव दिलं, हे चांगलंच झालं. पण ज्याला तो मिळतो, त्याच्या हातात दुसऱ्या बाजूला पदवीचा कागदही असावा. बेवोची आठवण ठेवण्याची याहून चांगली रीत मला तरी सुचत नाही.